मामांच्या पश्चात मामींचे पेन्शन: काय मिळते, कुठे अडते

प्रश्न असा आहे: ‘आम्ही खानापूर तालुक्यातले. माझे मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून वीस वर्षे नोकरी करून २००८ साली हवालदार म्हणून सुटले. पुढे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात गार्ड होते. गेल्या श्रावणात ते अचानक वारले. वय ५५. पेन्शन अजून त्यांच्या खात्यावर जमा होते आणि एटीएमने काढून घर चालते. मामींचे नाव पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी आदेशावर, एक आहे, आधारवर दुसरेच. मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, मुलगा आठवीत. मामींना काय मिळेल आणि कुठे जायचे? शेजारच्या एका आजींचे मालक नऊ वर्षे पलटणीत होते. त्यांना आजवर एक पैसा मिळालेला नाही. त्यांच्यासाठी काही आहे का? आणि आम्ही मराठी, कागद कन्नड. महाराष्ट्राकडून काही मिळते का?’

पुढचे वाचण्याआधी एक काम करा. ते एटीएम कार्ड कपाटात ठेवा आणि त्या खात्यातून पैसे काढणे आजपासून थांबवा. मी सैन्यात क्लार्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. त्यानंतरची बरीच वर्षे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आया-बहिणींचे हेच कागद करत आलो आहे. मामींना रागावण्यासारखे यात काही नाही. दहा घरांतल्या सहा-सात घरांत हेच घडते. माणूस गेल्यावर चूल तर पेटायला हवी, आणि पैसे खात्यात दिसत असतात.

पण हिशेब समजून घ्या. मामा ज्या दिवशी वारले त्या दिवसापर्यंतचे पेन्शन त्यांचे. दुसऱ्या दिवसापासून मामींचे फॅमिली पेन्शन लागू होते, पण ते त्यांच्या नावाने, वेगळ्या मंजुरीने यावे लागते. मधल्या काळात मामांच्या नावाने आलेली रक्कम सरकार परत मागते. जांबोटीकडच्या एका वहिनींच्या घरी चौदा महिने असेच पैसे काढले गेले. वहिनींना स्वतःला ते ठाऊकही नव्हते, कार्ड दिराकडे असायचे. पेन्शन सुरू झाले आणि पहिल्याच महिन्यापासून वसुलीची कपात लागली. बाईने चेहरा पाडून मला विचारले, ‘भाऊ, मी चोरी केली का?’ ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून हा मुद्दा पहिला.

तुमच्या बाबतीत तीनच महिने झाले आहेत, म्हणून घाबरू नका. फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या थकबाकीसह मिळते. जास्त गेलेली रक्कम त्यातून वळती होते. उरतो तो फरक, आणि तुमच्या मामींच्या बाबतीत तो फार असणार नाही. का, ते आता सांगतो.

निवृत्त जवान साध्या आजाराने वारला तर विधवेला मिळणारे साधे फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. पण जवान लवकर गेला तर सुरुवातीची काही वर्षे वाढीव दर असतो, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के. निवृत्तीनंतरच्या मृत्यूत हा दर ७ वर्षे, किंवा जवान हयात असता तर ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवर चालतो. मामा ५५ व्या वर्षी गेले, म्हणजे मामींना पूर्ण ७ वर्षे वाढीव दर. एवढ्या काळात त्यांचे मूळ पेन्शन मामांच्या मूळ पेन्शनाइतकेच राहील. समजा, मामांचे मूळ पेन्शन २१,००० होते. जुलै २०२५ पासूनचा महागाई भत्ता ५८ टक्के धरू. म्हणजे महिना ३३,१८० रुपये. ७ वर्षांनी मूळ रक्कम १२,६०० वर येईल. भत्ता ५८ टक्केच धरला तर हातात १९,९०८. ही उतरण मामींना आजच सांगून ठेवा. पुष्कळ बायका सातव्या वर्षी धास्तावून येतात, त्यांना वाटते कुणीतरी कापले. मुलगा तेव्हा पंधरावीत असेल, त्याच्या शिक्षणाची बेगमी या ७ वर्षांतच करायची.

मूळ फॅमिली पेन्शन ९,००० च्या खाली कधीच जात नाही. वन रँक वन पेन्शनची (सारखी रँक आणि सारखी सेवा असेल तर सारखे पेन्शन) सुधारणा विधवांनाही लागू असते. शेवटची सुधारणा १ जुलै २०२४ पासूनची आहे, मंजुरी आल्यावर ती धरली आहे ना ते पाहा. मामांना डिसेबिलिटी पेन्शन असेल तर तो भाग त्यांच्याबरोबर संपतो, मामींकडे येत नाही. कम्युटेशनची, म्हणजे निवृत्तीवेळी आगाऊ उचललेल्या पेन्शनची, कपात फॅमिली पेन्शनमधून होत नाही. मामांचे १५ वर्षांचे कम्युटेशन २०२३ सालीच फिटले असणार, पण ज्यांचे यजमान निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांत गेले त्यांनी हे लक्षात ठेवावे.

सेवेमुळे मृत्यू आला तर गोष्ट वेगळी. तिथे ६० टक्क्यांचे स्पेशल फॅमिली पेन्शन, आणि लढाईत वीरमरण आले तर शेवटच्या पगाराइतके लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन. त्या घरांकडे पलटण स्वतः येते, त्यांचे कागद बहुधा अडत नाहीत. अडतात ते तुमच्या मामींसारख्यांचे. यजमान घरी येऊन पंधरा-वीस वर्षे झालेली असतात आणि पलटणीशी धागा सुटलेला असतो.

आता नावाचा घोळ. आपल्या सीमाभागात हा आजार जुनाट आहे. मुलीचे माहेरचे नाव एक, लग्नात ठेवलेले दुसरे, आणि गावात हाक मारायचे तिसरेच. जवानाने लग्न झाल्यावर युनिटमध्ये कळवले की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीची लेखी ऑर्डर, निघते आणि ते नाव रेकॉर्डला कायमचे बसते. त्या वेळी जे सांगितले तेच पुढे पीपीओवर छापले जाते. इकडे तलाठ्याने रेशनकार्डावर कन्नडमध्ये लिहिले, त्यावरून आधारवाल्याने इंग्रजी केले. लक्ष्मीचे स्पेलिंग चार प्रकारे होते, परशुरामाचे पाच. वर २०१४ साली बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले, म्हणून पत्तासुद्धा दोन कागदांवर दोन तऱ्हेचा. आपल्याला हे सगळे एकच माणूस आहे हे दिसते. संगणकाला दिसत नाही.

माझ्या आईच्याच नशिबी हे आले होते. वडील सैन्यात होते. ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. रेकॉर्डवर आईचे माहेरचे नाव होते आणि गावच्या सगळ्या कागदांवर सासरचे. तीन वर्षे तिने शेतमजुरी करून आम्हाला जगवले. हक्काचे पैसे होते, पण ‘ही तीच बाई’ हे सिद्ध करून द्यायला कुणी नव्हते. प्रत्येक खिडकीवर तिला दुसऱ्या खिडकीकडे धाडले गेले. मी पुढे क्लार्कच व्हायचे ठरवले ते त्यामुळे.

तुमच्या मामींचा फरक नुसता स्पेलिंगचा किंवा ‘बाई’ लागण्या-न लागण्याचा असेल तर नोटरीकडचे ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र आणि गावचा दाखला यांवर बहुधा काम होते. नाव संपूर्णच वेगळे असेल तर आधी रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. मामा मराठा लाईटचे, म्हणजे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच. हे आपले भाग्य समजा. बॉम्बे सॅपर्सवाल्यांना खडकी, तोफखान्याला नाशिक रोड, महार रेजिमेंटला मध्य प्रदेशात सागर, मद्रास इंजिनिअर ग्रुपला (एमईजी) बेंगळुरू गाठावे लागते. तुम्ही सकाळच्या एसटीने जाऊन दुपारी परत येऊ शकता. माझा सल्ला, पीपीओवरचे नाव बदलण्यापेक्षा आधार त्याच्याशी जुळवता येत असेल तर ते करा. ते लवकर होते. मात्र मुलांच्या दाखल्यांवर आईचे नाव काय लागले आहे ते आधी बघा, नाहीतर एक गाठ सोडवताना दुसरी बसेल.

मामींची जन्मतारीख पीपीओवर आहे का, हेही त्याच वेळी तपासा. आज ती फालतू बाब वाटेल. पण ८० वर्षे पूर्ण झाली की फॅमिली पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. जन्मतारीख नोंदलेली नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही. कंग्राळीच्या एका आक्कांची ८४ व्या वर्षी मी ती लावून घेतली. चार वर्षांची थकबाकी एकदम आली आणि त्यांनी पहिल्यांदा आयुष्यात स्वतःच्या पैशाने पंढरपूरची वारी केली.

कामाची वाट अशी. मृत्यूची नोंद झालेलीच असेल. २१ दिवसांत केली तर फुकट होते. वर्ष उलटले तर मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय होत नाही, म्हणून ज्यांची राहिली आहे त्यांनी दिवस घालवू नयेत. दाखल्याच्या सहा-सात प्रती काढा. पूर्वी फॅमिली पेन्शन बँकेतून सुरू व्हायचे. आता संरक्षण खात्याची ‘स्पर्श’ ही संगणक व्यवस्था आहे आणि मंजुरी प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून येते. गावोगावच्या कॉमन सर्व्हिस सेंटरमधून किंवा स्पर्शच्या सेवा केंद्रातून मृत्यूची खबर आणि फॅमिली पेन्शनचा अर्ज एकाच बैठकीत भरता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, पीपीओ, मामींचे आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो. मामींचे नाव पीपीओवर आहे, म्हणजे वारसा सिद्ध करत बसावे लागत नाही. नाव नसते तर आधी रेकॉर्ड ऑफिस, लग्नाचा पुरावा, नाडकचेरीतला (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातला) वंशवृक्ष आणि हयात वारसांचा दाखला असा सगळा फेरा पडला असता.

खाते दोघांचे जॉइंट होते का, ते मामींना विचारा. असेल तर त्याच खात्यात फॅमिली पेन्शन घेता येते. बँकेने नवे खाते उघडायला सांगितले तरी नियम तुमच्या बाजूने आहे. शांतपणे मॅनेजरशी बोला. मामांचे शेवटच्या महिन्याचे राहिलेले पैसे लाईफ टाइम एरियर्स म्हणून नॉमिनीला मिळतात, तो रकाना त्याच अर्जात असतो. पुढे दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास हयातीचा दाखला द्यायचा. चुकला तर पेन्शन थांबते, दिल्यावर थकबाकीसह परत सुरू होते. एखाद्या वर्षी बोटांचे ठसे उमटत नाहीत, शेतात राबणाऱ्या बायकांचे हमखास. डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीने दाखला होतो, मशीनवाल्याला तसे सांगा.

फॅमिली पेन्शनच्या अर्जाला सरकारी फी नाही. ‘एरियर्सचे दहा टक्के द्या, पंधरा दिवसांत करून देतो’ म्हणणारे लोक फिरतात. आणि फोनवर ओटीपी मागणारा कुणीही स्पर्शचा माणूस नसतो.

आणखी दोन पैशांचा लोकांना पत्ताच नसतो. पहिला, आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा एक्स्टेंडेड इन्शुरन्स. निवृत्तीच्या वेळी एकरकमी हप्ता कापलेला असतो आणि विमा उतारवयापर्यंत चालतो. मामांच्या सुटकेच्या कागदांत त्याचे प्रमाणपत्र शोधा आणि रेकॉर्ड ऑफिसमध्ये दाव्याचा फॉर्म मागा. दुसरा, कारखान्याचा प्रॉव्हिडंट फंड. मामा गार्ड होते आणि पीएफ कापला जात होता तर जमा रक्कम तर मिळतेच, शिवाय ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेखाली विधवेला पेन्शन लागते, किमान १,००० रुपये महिना, आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांचेही वेगळे. नोकरीवर असतानाच वारले असतील तर ठेवीशी जोडलेला विमाही असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. सैन्याचे फॅमिली पेन्शन मिळते म्हणून हे नाकारता येत नाही. ठेकेदारामार्फत लागले असतील तर ठेकेदाराकडून मामांचा यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर घ्या.

मुलांसाठी बेळगावच्या सैनिक कल्याण आणि पुनर्वसन कार्यालयात जा. आपल्याकडे सगळे त्याला सैनिक बोर्ड म्हणतात. तिथे मामींचे विधवेचे ओळखपत्र करून घ्या. त्याशिवाय पुढचा एकही अर्ज हलत नाही. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्तीची वेळ हीच. बारावीला ६० टक्के हवेत. मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००. नवा अर्ज पहिल्या वर्षीच घेतात, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटले की संधी गेली. आठवीतल्या मुलाला केंद्रीय सैनिक बोर्डाची शिक्षण मदत. हवालदारपर्यंतच्या रँकच्या दोन मुलांना ती मिळते आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिना १,००० ऐवजी २,००० झाली आहे. ती इयत्ता पास झाल्यावर, गुणपत्रक जोडून मागायची असते. मुलीचे लग्न होईल तेव्हा लग्नाची मदत आता ५०,००० ऐवजी १ लाख आहे, अर्ज लग्नानंतर १८० दिवसांत. हा पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतला. ७ डिसेंबरला छातीला लावायचा तो छोटा झेंडा विकत घेताना हे आठवत जा.

लग्नाची ही मदत विधवेच्या पुनर्विवाहालाही मिळते. तरुण मुलींच्या आई-वडिलांना मी हे मुद्दाम सांगतो. पुनर्विवाह केला तर साधे फॅमिली पेन्शन तिच्याकडून पात्र मुलांकडे जाते. मूल नसेल आणि तिचे स्वतःचे उत्पन्न मर्यादेत असेल तर तिचेच चालू राहते. पेन्शन जाईल या भीतीने एखादीने जन्म कोंडून घालवू नये, आधी नियम विचारावा.

औषधपाण्यासाठी बेळगावात ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, पॉलिक्लिनिक आहे. मामांचे कार्ड जमा करून मामींच्या नावाने मुख्य सभासद म्हणून नवे करून घ्या. मुलांची नावे त्यातच येतील.

महाराष्ट्राचे विचारलेत. केंद्राचा पैसा, म्हणजे फॅमिली पेन्शन, शिष्यवृत्ती, ध्वजदिन निधी, तुम्ही कुठल्या राज्यात राहता, घरात कुठली भाषा बोलता हे विचारत नाही. राज्याच्या योजना मात्र रहिवासावर चालतात. मामींचे घर, रेशनकार्ड, मतदान खानापुरात आहे तोवर त्या कर्नाटकच्या. कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,०००, कुटुंबप्रमुख बाई म्हणून आणि आयकर भरत नसतील तर, त्यांना मिळू शकतात. पुढे त्या मुलाबरोबर कोल्हापूरला किंवा माहेरी चंदगडला कायमच्या गेल्या तर सैनिक बोर्डाची नोंद तिकडच्या जिल्ह्यात बदलून घेता येते. दोन्हीकडे नाव ठेवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. एकदा पकडले की दोन्हीकडचे थांबते. कन्नड कागदांना भिऊ नका. मृत्यूचा दाखला कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत असतो. केवळ कन्नड असलेल्या रेशनकार्डासारख्या कागदाला भाषांतर करून नोटरीची सही घ्या. आणि खिडकीपलीकडचा माणूस कन्नड बोलतो म्हणून तो अडवणारच, असे मनात धरून जाऊ नका. माझी निम्मी कामे कन्नड बोलणाऱ्या कारकुनांनी आपुलकीने करून दिली आहेत.

आता त्या आजी. त्यांची कहाणी मला जास्त लागली. शिपायाला पेन्शन मिळायला १५ वर्षे नोकरी लागते. नऊ वर्षांत घरी आलेल्या माणसाला पेन्शन नाही, म्हणून बायकोला फॅमिली पेन्शनही नाही. पण ६५ वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या, दुसरे नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाचे पेन्युरी ग्रँट, म्हणजे गरजूंना दरमहा मदत, आहे. रँक हवालदार किंवा खालची हवी. ते महिना ४,००० होते, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाले आहे, आणि ते हयातभर चालते. मागच्या वर्षांचे मिळत नाही, म्हणून प्रत्येक महिन्याचा उशीर म्हणजे आजींचे ८,००० गेले. अर्ज सैनिक बोर्डातूनच जातो. तोवर कर्नाटकचे विधवा वेतन, महिना ८००, त्यांना लागले आहे का ते नाडकचेरीत विचारा.

त्यांच्या अर्जात कळीचा कागद म्हणजे मालकांचे डिस्चार्ज बुक. त्यात सुटकेचे कारण काय लिहिले आहे त्यावर माजी सैनिकाचा दर्जा ठरतो. शिक्षा म्हणून काढलेल्याला तो मिळत नाही. आजी म्हणतील, ‘कागद कुठला बाबा, घर पडलं तेव्हा सगळं गेलं.’ तेवढ्यावर परत फिरू नका. माळ्यावर किंवा धान्याच्या खोलीत त्यांची काळी पत्र्याची पेटी असेल, पलटणीतून आलेली. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक आणि नाव लिहिलेले असते. ओल्या फडक्याने धूळ पुसा, मोबाईलवर फोटो काढा आणि तो नंबर घेऊन रेकॉर्ड ऑफिसला या. पन्नास वर्षांपूर्वीचा शिपाईही त्या नंबरावर सापडू शकतो.